‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’ : लेननचं ऐकावं की फिओना ॲपलचं?

मूळ गाणं आणि त्याचं कव्हर (म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कलाकारानं गायलेलं) यांची तुलना करायला बसलं की निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. ‘मूळ ते मूळ’ म्हणून लोक मोकळे होतात. ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’च्या बाबतीत ही पळवाट बंद आहे, कारण इथे मूळ म्हणून बोट कशाकडे दाखवायचं हेच ठरलेलं नाही. बीटल्सनी हे गाणं फेब्रुवारी १९६८ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड केलं आणि त्याच कामातून पुढच्या ३५ वर्षांत चार निरनिराळी रूपं बाहेर आली: १९६९, १९७०, १९९६ आणि २००३. चारही अधिकृत, चारही बीटल्सचीच. पाचवं, अमेरिकन गायिका फिओना ॲपलनं १९९८ मध्ये गायलेलं. म्हणजे काळाच्या रांगेत पाहिलं तर हे कव्हर बीटल्सच्याच दोन रूपांच्या मधे येतं!

‘तेवढं राहू दे, आज रात्री लावू काय ते सांगा’ म्हणणाऱ्यांसाठी कौल आधीच देतो. हे गाणं पहिल्यांदाच ऐकणार असाल तर फिओना ॲपलचं लावा. ते आवडलं तर पाठोपाठ बीटल्सचं २००३ सालचं, ‘लेट इट बी... नेकेड’मधलं. १९७० च्या ‘लेट इट बी’मधलं, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं रूप, माझ्या यादीत बरंच खाली आहे. ते तिथे का, हे आता सविस्तर.

कटकटीतून निघालेलं गाणं

बीटल्समधला जॉन लेनन, हे गाणं लिहिणारा, आणि त्याची पहिली बायको सिंथिया रात्री पडले होते आणि ती काहीतरी बोलत सुटली होती. तिला झोप लागली तरी तिचे शब्द याच्या कानात वाहतच राहिले. शेवटी वैतागून तो उठला, खाली गेला आणि लिहायला बसला. निघायचं होतं चिडक्या नवऱ्याचं गाणं, निघालं भलतंच: शब्दांचा न थांबणारा पाऊस, डोक्यात नाचणारे प्रकाशाचे तुकडे, आणि मधूनमधून ‘जय गुरुदेव ॐ’. सायकेडेलिक रॉक म्हटल्यावर जी करकरणारी गिटार आठवते ती यात औषधालाही नाही. तंद्री लागते ती शब्दांच्या ओघानं आणि मागे चाललेल्या तानपुऱ्यानं. तो तानपुरा बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा.

इथे एक गैरसमज खोडून टाकायला हवा. मंत्र आहे म्हटल्यावर गाणं ऋषिकेशला, महेश योगींच्या आश्रमात सुचलं असणार, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तसं नाही. रेकॉर्डिंग झालं ४ आणि ८ फेब्रुवारी १९६८ ला, आणि लेनन-हॅरिसन भारतात यायला निघाले त्यानंतर, १५ फेब्रुवारीला. महेश योगींशी त्यांची गाठ आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनला पडली होती आणि मंत्रातले गुरुदेव म्हणजे योगींचे गुरू, ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती. थोडक्यात, हे गाणं आश्रमातल्या अनुभवाचं नाही, तिथे जाण्याआधीच्या ओढीचं आहे. लेनन ऋषिकेशहून परतला तो योगींवर नाराज होऊन. पण गाणं लोकांपर्यंत पोचलं ते त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळानं. म्हणजे तो त्यात ज्या श्रद्धेनं मंत्र म्हणतोय ती श्रद्धा रेकॉर्ड दुकानात येईपर्यंत आटलेली होती. पुढे तुलना करताना ही गोष्ट लागणार आहे.

एवढं चांगलं गाणं लगेच बाहेर का आलं नाही? मार्च १९६८ च्या ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीवर मागच्या बाजूला याचा विचार झाला होता, पण तिथे लागलं हॅरिसनचं ‘द इनर लाइट’. त्याचं सगळं वाद्यसंगीत जानेवारीत मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांनी वाजवलेलं. लंडनमधल्या तानपुऱ्यावर मुंबईतल्या सरोद-बासरीनं अशी मात केली. लेननचं गाणं मग जवळजवळ दोन वर्षं पडून राहिलं.

बीटल्सची चार रूपं

पहिलं रूप आलं डिसेंबर १९६९ मध्ये, वन्यजीव निधीसाठी काढलेल्या एका अल्बममध्ये. निधीसाठीच असल्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी पक्ष्यांचे आवाज चिकटवले आहेत: पंखांची फडफड, किलबिलाट. उंच पट्टीत साथ हवी म्हणून बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीनं स्टुडिओच्या दारात ताटकळणाऱ्या चाहत्या मुलींतून दोघींना आत बोलावलं होतं, ब्राझीलची लिझी ब्राव्हो आणि लंडनची गेलीन पीझ. त्यांचे कोवळे, जरासे थरथरते आवाज फक्त याच रूपात ऐकू येतात. बीटल्सच्या रेकॉर्डवर गायला मिळालेल्या रस्त्यावरच्या दोन मुली, हा भाग मला फार आवडतो. पक्षी मात्र नकोसे होतात. हे रूप हवं असेल तर बीटल्सच्या ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहात शोधा.

दुसरं, मे १९७० चं, निर्माता फिल स्पेक्टरच्या हातचं. बीटल्स तेव्हा फुटलेले होते आणि ‘लेट इट बी’ चित्रपटात लेनन हे गाणं वाजवताना दिसत असल्यामुळे ते अल्बममध्ये असणं भाग होतं. पण चित्रपटात दिसणाऱ्या १९६९ च्या त्या तालमींचं धड रेकॉर्डिंगच नव्हतं. म्हणून १९६८ ची टेप पुन्हा बाहेर काढली. स्पेक्टरनं पक्षी उडवले, मुलींना काढलं आणि १ एप्रिल १९७० ला एका बैठकीत व्हायोलिनांचा ताफा आणि समूहगान त्यावर चढवलं. सुरुवात अजूनही सुंदर आहे, गिटार आणि गळा, बस्स. पण थोड्याच वेळात तंतुवाद्यं शिरतात आणि जो माणूस आपल्या कानाशी पुटपुटत होता तो एकदम सभागृहातल्या व्यासपीठावर जाऊन उभा राहतो. एका माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे सांगणारं गाणं पन्नास जणांनी म्हणायचं कशाला?

आता एक गंमत, जी हेडफोन लावूनच कळेल. पेटीवर सूर काढणाऱ्यांना तर चटकन कळेल. गाणं वाजवलं गेलं पांढरी दोनमध्ये, म्हणजे गिटारवाल्यांच्या डीमध्ये. वन्यजीव निधीच्या रूपात टेप जरा जोरात फिरवली, त्यामुळे सूर चढून साधारण काळी दोनवर गेला. स्पेक्टरनं नेमकं उलटं केलं, टेप मंदावली, आणि सूर काळी एकपर्यंत उतरला. गायन दोन्हीकडे तेच, तोच श्वास, तेच शब्दांवरचे आघात. पण एकात लेनन विशीतला उतावळा पोरगा वाटतो आणि दुसऱ्यात थकलेला, जडावलेला प्रौढ. कोणतंही एक कडवं लागोपाठ दोन्हीकडे ऐका. ‘आवाज’ नावाची गोष्ट टेपच्या वेगावर किती अवलंबून असते ते याहून चांगलं कुठे ऐकायला मिळणार नाही.

मग लेननचा खरा आवाज कुठला? तो मिळतो २००३ च्या ‘नेकेड’मध्ये. तिथे टेप मूळ वेगात, मूळ पट्टीत आहे आणि व्हायोलिनं, समूहगान, पक्षी, मुली सगळ्यांना रजा दिली आहे. गिटार, तानपुरा, गळा. शेवटी प्रतिध्वनी वाढत वाढत सगळं विरून जातं, तेवढीच काय ती करामत. लेनननं १९८० मध्ये या गाण्याबद्दल बोलताना तक्रार केली होती की गाणं उत्तम पण ध्वनिमुद्रण वाया गेलं, गिटार बेसूर, आपणही बेसूर. ‘नेकेड’मध्ये ती तक्रार तपासून पाहता येते. काही जागी गळा डगमगतो, हे खरं आहे. पण तो डगमगतो म्हणूनच गाणं जिवंत वाटतं. स्पेक्टरनं ज्यावर रंग चढवला ती भिंत मुळात ठीकच होती.

चौथं, १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’मधलं, हा वेगळा टेक, म्हणजे वेगळ्यानं वाजवून केलेलं मुद्रण आहे, टेक दोन. सुरुवातीला सतार आहे. अभ्यासकांसाठी मोलाचा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

फिओना ॲपल काय करते

१९९६ मध्ये ‘टायडल’ हा पहिला अल्बम आला तेव्हा ती अजून एकोणीस वर्षांची नव्हती. दोन वर्षांनी ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटासाठी तिनं हे गाणं गायलं, निर्मिती जॉन ब्रायनची. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीवर ते वाजतं.

पहिला फरक ठेक्याचा. बीटल्सच्या कुठल्याच रूपात या गाण्याला भक्कम ठेका नाही. ओळी लांबतात, आखडतात, लेनन शब्द संपेल तिथे श्वास घेतो. ॲपलच्या रूपात ड्रम पहिल्यापासून आहे, संथ, एकसुरी, न दमणारा. त्यावर धूसर कीबोर्ड. आणि या सगळ्याच्या थोडा मागे रेंगाळत, खर्जाकडे झुकलेला तिचा आवाज. घाई नाही. लेननला शब्द आवरत नाहीयेत, ते त्याच्या हातून सांडताहेत. ॲपल तेच शब्द एकेक करून खाली ठेवते. त्यामुळे एक फायदा असा होतो की कवितेतल्या प्रतिमा दिसायला लागतात. वाऱ्यासारखे भरकटणारे विचार पत्रपेटीत अडखळतात ही ओळ बीटल्सच्या रेकॉर्डवर मी कितीदा ऐकली होती, पण ती पत्रपेटी डोळ्यांपुढे उभी राहिली ॲपलमुळे.

दुसरा फरक मंत्राचा, आणि मराठी कानाला तो सगळ्यात आधी जाणवतो. लेनन ‘जय गुरुदेव ॐ’ म्हणतो तेव्हा उच्चार पुरता इंग्रजी असला तरी म्हणण्यात आर्जव आहे. नव्या भक्ताचा भाबडेपणा म्हणा हवं तर. ॲपल मंत्र गाळत नाही, पण तिला त्यातून काही मागायचंही नाही. दोन ओळींमधली श्वास घ्यायची जागा म्हणून ती तो वापरते. आपल्याला हे खटकावं अशी अपेक्षा होती. मला उलट वाटलं. लेननची श्रद्धा काही आठवड्यांत ओसरली हे माहीत असताना त्याचं आर्जव ऐकणं थोडं अवघड जातं. ॲपलच्या कोरडेपणात निदान तसला काही अंतर्विरोध नाही.

तिसरा फरक ध्रुवपदाचा, आणि माझा कौल ठरला तो इथे. माझं जग कशानंही बदलणार नाही, एवढंच ते ध्रुवपद, पुन्हा पुन्हा. लेननच्या तोंडी ती ध्यानातली स्थिती आहे. विश्व येऊन आदळतंय आणि हा आत शांत. ॲपलच्या तोंडी तेच वाक्य हट्ट होतं. तिला माहीत आहे की जग बदलतं, बदलवलं जातं, आणि तरी ती दात न खाता, आवाज न चढवता नकार देते.

याचं पूर्ण चित्र तिच्या व्हिडिओत आहे. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसननं तो कृष्णधवल चित्रित केला, चित्रपटातल्याच त्या सोडा फाउंटनच्या दुकानात. ‘प्लेझंटव्हिल’ची गोष्ट अशी की नव्वदीतली दोन भावंडं पन्नाशीच्या दशकातल्या एका गुळगुळीत टीव्ही मालिकेत जाऊन पडतात, आणि त्या काळ्या-पांढऱ्या गावात हळूहळू रंग उगवायला लागतात. गावकऱ्यांना ते सोसत नाही. जमाव त्या दुकानाची मोडतोड करतो. व्हिडिओत तीच मोडतोड चालू आहे. काचा फुटताहेत, खुर्च्या उडताहेत, आणि हेडफोन लावलेली ॲपल त्या सगळ्याच्या मधोमध निवांत गातेय. मधेच कॅमेऱ्यासकट सगळं उलटं होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही.

नीट पाहिलं की डोक्यात किडा वळवळायला लागतो. आपलं जग कशानंही बदलणार नाही, हे त्या खोलीत नक्की कोण म्हणतंय? गाणारी मुलगी, की काचा फोडणारा जमाव? जमावाचाही तोच तर आग्रह आहे. लेननच्या ध्यानमग्न ओळीत एवढी धार लपलेली होती हे बीटल्सच्या चारही रूपांत कळत नाही. कव्हर करायचं ते यासाठी.

आता तिच्या बाजूनं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. गाणं पाच मिनिटांच्या थोडं पुढे जातं आणि शेवटचा मिनिट रेंगाळतो. तो एकसुरी ठेका नव्वदीच्या उत्तरार्धाची खूण आहे. तेव्हा तसले ठेके सगळीकडे होते आणि आज काहींना ते वातावरणच जुनं वाटेल. आणि ज्यांना या गाण्यात हळवेपणा हवा असतो, म्हणजे दिवसभराचा शीण उतरवायला काहीतरी, त्यांना ॲपल थंड वाटते. त्यांच्याशी वाद नाही. त्यांनी ‘नेकेड’पासून सुरुवात करावी.

बाकीचे उमेदवार, थोडक्यात

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीनं हे गाणं ‘यंग अमेरिकन्स’ या १९७५ च्या अल्बममध्ये घेतलं आणि गिटारवर साथीला चक्क लेनन होता. कागदावर याहून भारी काय असेल? प्रत्यक्षात बोवी मंत्र गाळून टाकतो, आणि ध्रुवपदात असा काही जोर लावतो की गाण्याची तंद्रीच मोडते. त्याच दिवसांत, त्याच मंडळींनी ‘फेम’ केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेच ऐका.

रूफस वेनराइटचं, ‘आय ॲम सॅम’ चित्रपटासाठी गायलेलं, गोड आहे, नेटकं आहे, आणि गाडीत सगळ्या कुटुंबासोबत लावता येतं. ॲपलचं तसं लावता येणार नाही, पुढच्या सीटवरून ‘दुसरं लाव’ येईल. २००५ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी बोनो, स्टीव्ही वंडर, रविशंकरांची कन्या नोरा जोन्स अशी दिग्गजांची फौज हे गाणं गायली. हेतू चांगला होता, एवढंच म्हणतो.

‘नासा’नंही यात हात धुऊन घेतले आहेत. रेकॉर्डिंगला ४० वर्षं झाली म्हणून ४ फेब्रुवारी २००८ ला माद्रिदजवळच्या ७० मीटरच्या अँटेनातून बीटल्सचं गाणं ध्रुवताऱ्याच्या दिशेनं सोडण्यात आलं, ४३१ प्रकाशवर्षांच्या प्रवासाला. दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, नेदरलँड्समध्ये महेश योगींचं निधन झालं.

विकत घ्यायचं, वाजवायचं असेल तर

तबकडी घेणार असाल तर लक्षात ठेवा, दुकानात ‘लेट इट बी’ मागितलंत की हातात स्पेक्टरचं रूप पडणार. साधं हवं असेल तर ‘नेकेड’ हे नाव मुद्दाम सांगा. ॲपलचं गाणं तिच्या कुठल्याच स्टुडिओ अल्बमच्या यादीत नाही. ते ‘प्लेझंटव्हिल’च्या साउंडट्रॅकवर आहे. तिचे अल्बम चाळत बसलात तर वेळ जाईल.

गिटारवर शिकायचं तर ‘नेकेड’सोबत शिका, कारण त्यात डीचे साधे कॉर्ड जसेच्या तसे चालतात. ‘पास्ट मास्टर्स’सोबत वाजवायचं तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, आणि ‘लेट इट बी’सोबत तारा अर्धा सूर उतरवा. जुळणी तंतोतंत होणार नाही, टेपचा वेग काही सुरांचे नियम पाळून ठरवलेला नव्हता. ॲपलच्या ठेक्यावर सराव करायचा मोह होईल, पण त्यात ओळींचं लांबणं-आखडणं हाताला लागत नाही. आधी लेननसोबत अडखळा, मग ड्रमवर बसवा.

पहिल्या कडव्यात मंत्राच्या अगदी तोंडाशी ‘जी मायनर’ हा कॉर्ड येतो, तो मात्र चुकवू नका. आधीच्या बी मायनरमध्ये शुद्ध धैवत असतो, इथे तो कोमल होतो, आणि त्यानंतर ‘जय’ येतं ते त्या कोमल धैवताच्या सावलीतून. चार मित्रांत गाणार असाल तर मंत्र लेननच्या इंग्रजी उच्चारातच म्हणा. आपल्या स्वच्छ उच्चारात म्हटलात की तो भजनाच्या अंगानं जायला लागतो आणि मागच्या रांगेतून कोणीतरी टाळ्या धरतंच.